समोरच्याची बाजू आधी

फेदेलिना ताबुगाकडे कायदा शिकायला आलेल्या पोराला पहिला महिनाभर कायद्याचं एक अक्षर ऐकायला मिळत नसे. महिनाभर फक्त घडलं ते लिहायचं. काल घरी काय झालं, मासळीबाजारात कोण कोणाला काय म्हणालं, कोणाची कोंबडी कोणाच्या कुंपणातून गेली. पिवळ्या रेघी कागदाची एक बाजू, त्याहून जास्त नाही. आणि 'मग'च्या जागी 'म्हणून' लिहिलं की कागद परत.

"कोंबडा आरवला म्हणून आजोबा उठले," असं एकाने लिहिलं होतं.

"आजोबांना विचारलंस?"

"नाही, मॅडम."

"मग कशावरून? त्यांना लघवीला लागली असेल. कोंबडा आरवला, मग आजोबा उठले. तुला एवढंच ठाऊक आहे. तेवढंच लिही."

पोरं पोट धरून हसली. पण पुढच्या शनिवारी सतरापैकी बारा कागदांतले 'म्हणून' नाहीसे झाले होते. उरलेल्या पाचांनी पुन्हा लिहिलं.

वर्ग भरायचा लानिप्गा वस्तीच्या बारांगाय म्हणजे ग्रामपंचायत कचेरीत, मागच्या खोलीत, शनिवारी सकाळी आठला. पुढच्या खोलीत बारांगायचा कॅप्टन, म्हणजे सरपंच, लोकांची भांडणं मिटवायचा आणि त्याची सेक्रेटरी दाखले टाइप करायची. मागच्या खोलीत फिएस्ताच्या पताकांची पोती, दोन मोडके पंखे आणि फेदेलिनाची पोरं. सातवीपासून बारावीपर्यंतची, कधी नऊ, कधी सतरा. फी नव्हती. उशीर चालत नव्हता. आठ वाजून पाच मिनिटांनी आलेल्याने पायरीवर बसून ऐकायचं, मग तो कॅप्टनचा भाचा का असेना.

तिचा बाप गवंडी होता. दोन दिवस खपून उभी केलेली भिंत त्याने एकदा स्वतःच्या हाताने उतरवली, कारण खालून तिसरा थर ओळंब्यात नव्हता. घरमालक म्हणाला, अरे, गिलाव्याखाली कोणाला दिसणार आहे? बाप ठोकळे खरवडून साफ करत राहिला. त्याच्या सात पोरांत फेदेलिना चौथी. दिवसा तालुक्याच्या कोर्टात स्टेनो, संध्याकाळी दीड तास बसने शहरातल्या लॉ कॉलेजात, आणि परत. असं सहा वर्षं. मग वकिलीच्या परीक्षेला बोटीने मनिलाला गेली. चार रविवार, चार दिवस पेपर. पास व्हायला पंच्याहत्तर लागतात. पहिल्यांदा एकाहत्तर, दुसऱ्यांदा त्र्याहत्तर, तिसऱ्यांदा पंच्याहत्तरला थोडे कमी.

तीनदा नापास झालेल्याने चौथ्यांदा बसायच्या आधी पुन्हा वर्षभर कॉलेजात जायचं, असा नियम आहे. त्या वर्षी आईने अंथरूण धरलं. निकाल शुक्रवारी लागला होता. रडायचं ते तिने शनिवार-रविवारी रडून घेतलं. सोमवारी वेळेवर कोर्टात यंत्रासमोर बसली आणि पुढे एकतीस वर्षं बसली.

गावाला या पंच्याहत्तरशी काही देणंघेणं नव्हतं. जो कायदा शिकला तो ॲटर्नी. पाववाल्यापासून फादरपर्यंत सगळे तिला ॲटर्नी म्हणायचे.

"अहो, ॲटर्नी नाही मी. नापास आहे."

"बरं, ॲटर्नी," पाववाला म्हणायचा. "पानदेसाल किती देऊ?"

सुरुवातीची काही वर्षं ती दरवेळी दुरुस्त करत होती. नंतर कधीतरी सोडून दिलं. हे सोडायला नको होतं.

एकतीस वर्षं लोकांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेताना तिला एक गोष्ट दिसली. माणसं खोटं बोलून हरतात त्याहून जास्त उलटसुलट बोलून हरतात. कोळी साक्षीला उभा राहायचा आणि जाळं कापलं गेलं त्याच्याऐवजी दहा वर्षांपूर्वीच्या बारशापासून सुरू करायचा. न्यायाधीश घड्याळाकडे बघायचे. समोरचा वकील हसायचा. कोळ्याची बाजू खरी असायची, आणि ती खरी आहे हे खोलीतल्या एकाच माणसाला कळायचं. त्या माणसाला बोलायची मुभा नव्हती. तिचं काम टाइप करायचं होतं.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात तिने कॅप्टन एर्नानीकडे मागची खोली मागितली.

"पोरांना वकील करायचंय का, मानांग?" कॅप्टनने विचारलं. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मानांग म्हणजे ताई, मानोंग म्हणजे दादा.

"वकील नको. घडलेलं क्रमाने सांगता आलं पाहिजे. पुढे काय व्हायचं ते त्यांचं ती बघतील."

दुसऱ्या महिन्यापासून कायदा. एक प्रश्न, एक कागद, कागदाचे चार भाग. आधी उत्तर, मग नियम, मग नियम आणि घडलेलं यांची जोडणी, मग शेवट. फेदेलिना जोडणीवर सगळ्यात जास्त वेळ घालवायची. नियम पाठ करायला पोपट पुरे, म्हणायची, घाम जोडणीत गाळायचा असतो. आणि तिसऱ्या महिन्यापासून तिचा सगळ्यात अवघड पाठ असे. आपली बाजू लिहायच्या आधी समोरच्याची लिहायची. ती अशी लिहायची, की त्या माणसाने वाचली तर खाली सही करावी.

"आणि त्याने सही नाही केली तर?" रेमारने विचारलं होतं. रेमार सोळा वर्षांचा, अकरावीत, वर्गातलं सगळ्यात चालू तोंड.

"तर तुला तो अजून कळला नाही. मग तू भांडतोयस कोणाशी? तुझ्या डोक्यातल्या माणसाशी."

*

ऑगस्ट महिन्यात तिने सांतोलचा प्रश्न घातला. दिवाणी संहितेत एक छोटं कलम आहे. शेजारच्या झाडाची फळं नैसर्गिकपणे तुमच्या जमिनीत पडली तर ती तुमची. फांदीवर आहेत तोवर झाडाच्या मालकाची, मग फांदी तुमच्या छपरावर का आलेली असेना.

पोरांना हा प्रश्न फार आवडला. सांतोलची आंबट फळं मिठाला लावून खात खात त्यांनी तासभर वाद घातला. वादळाने पडलं तर? वटवाघळाने पाडलं तर? मालकाच्या मुलाने दगड मारला आणि फळ आमच्याकडे पडलं तर?

"आणि मी नुसतं झाडाकडे रागाने बघितलं आणि ते पडलं तर?" रेमार.

"तुझ्याकडे बघून मीच पडायची वेळ आली आहे. लिही."

त्या वर्गात जोनालिन होती. तेरा वर्षांची, आठवीतली, आजीजवळ, लोला इस्यांगजवळ राहणारी; आजीला लोला म्हणायचं, आजोबांना लोलो. आई हाँगकाँगला घरकामाला. मुलगी बोलायची कमी आणि लिहायची नीट. पुढच्या शनिवारी तिने एक पत्र लिहून आणलं. शेजारच्या लोलो क्रिसोलोगोंच्या सांतोलची फळं आमच्या अंगणात पडली, कायद्याने ती आमची, लोलो कुंपण ओलांडून आले आणि पोतं भरून घेऊन गेले, तरी ती परत करावीत. उत्तर, नियम, जोडणी, शेवट. चारही भाग जिथल्या तिथे.

फेदेलिनाने ते लाल पेनाने तपासलं. एक वाक्य छोटं केलं, दोन शब्द बदलले. इतका सुबक उतरलेला कागद तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. ती खूश झाली. "असं लिहायचं," म्हणून तो वर धरून सगळ्यांना दाखवला.

तिला वाटलं, स्वाध्याय आहे. जोनालिनला वाटलं, पत्र मंजूर झालं.

घरी जाऊन तिने ते स्वच्छ अक्षरात उतरवलं. आता, गावच्या शाळेत फडकं हवं असलं तरी अर्ज लागतो, आणि अर्जाखाली 'पाहिले' म्हणून कोणा मोठ्याचं नाव लागतं. त्याशिवाय कागद पुरा होत नाही, हे पोरांच्या अंगात पहिलीपासून मुरलेलं असतं. जोनालिनने आपल्या सहीखाली लिहिलं, 'पाहिले: ॲटर्नी फेदेलिना ताबुगा'. पाकीट बंद केलं आणि शेजारच्या फाटकात खोचलं.

क्रिसोलोगो तुपास सत्तर वर्षांचा. अठ्ठावीस वर्षं परदेशी जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेली. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. झाड त्याच्या बापाने लावलेलं. बायको गेलेली, मुलगा मनिलात. त्याने ते पत्र दारात उभ्याने वाचलं, मग आत जाऊन चष्मा लावून वाचलं, आणि मग तसाच कॅप्टनकडे गेला.

मंगळवारी कॅप्टन स्वतः फेदेलिनाच्या घरी आला. कॉफी घेतली, पण ओठांना लावली नाही.

"मानांग, फिर्याद आहे. दोन गोष्टी. एक, तुम्ही वकील नसताना वकील म्हणून पत्रं पाठवता. दोन, पोरांना म्हाताऱ्यांच्या अंगावर सोडता. त्यांचं म्हणणं आहे, वर्ग बंद करा."

तिने पत्र वाचलं. खालचं नाव वाचलं.

"हे तुम्ही लिहिलं?" कॅप्टनने विचारलं.

"नाव मी लिहिलेलं नाही. पण त्या नावाने हाक मारलेली मी चालवून घेतली. हे त्यातूनच आलं."

"खोली सरकारी आहे, मानांग. बिनवकिलीचा वकील इथे बसतो असं वर कोणी कळवलं तर माझ्याच गळ्यात येईल. पुढच्या बुधवारी दोघांना समोरासमोर बसवतो. मिटलं तर मिटलं. नाही मिटलं तर मी खोली देऊ शकणार नाही."

कॅप्टन गेल्यावर तिने त्याची कॉफी प्यायली. टाकून द्यायची सवय नव्हती.

*

शनिवारी तिने कॅप्टनकडून आलेलं समन्स फळ्यावर चिकटवलं.

"हा या आठवड्याचा प्रश्न. फिर्यादी मानोंग क्रिसोलोगो. आरोपी मी. फिर्यादीची बाजू लिहा."

कोणी पेन उचललं नाही. बारांगायच्या बैठकीला दोन्ही बाजूंनी स्वतः यायचं असतं, वकील आणायला बंदी आहे, हे पोरांना ठाऊक होतं. रेमारने तेवढ्यात तोंड घातलंच.

"मॅडम, तिथे वकील चालत नाही. तुम्ही बिनधास्त जा. तुम्ही वकील नाही, हीच तर त्यांची तक्रार आहे."

हसू फुटलं, आणि लगेच विरलं.

"आम्ही तुमच्या बाजूने लिहितो ना," मागून एक मुलगी म्हणाली. "झकास लिहितो."

"माझी बाजू मला येते. त्यांची येत नाही. म्हणून तुम्हाला कामाला लावलंय."

जोनालिन खाली मान घालून बसली होती. तिच्या कागदावर पाणी पडून शाई पसरली होती. फेदेलिनाने तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"रड, पण बाजूला रड. कागद ओला करू नकोस."

पहिल्या कागदावर जोनालिनने नुसती माफी लिहिली. फेदेलिनाने परत केला. माफी ही बाजू नव्हे. दुसऱ्यावर लिहिलं, की लोलो क्रिसोलोगो रागीट आहेत. परत. राग हे घडलेलं नव्हे. तिसऱ्यावर लिहिलं, की लोलो आले आणि फळं घेऊन गेले.

"का घेऊन गेले?"

"त्यांना वाटलं त्यांची आहेत."

"का वाटलं? ते कुंपणाच्या त्या बाजूला उभे आहेत. त्यांना काय दिसतंय? तिथे जाऊन उभी राहा आणि मग लिही."

एव्हाना अकरा वाजले होते. बाकीच्यांचे कागद झाले होते, पण कोणी उठलं नव्हतं. जोनालिनने चौथा कागद घेतला. या वेळी तिने बराच वेळ काहीच लिहिलं नाही. मग एका दमात लिहिलं आणि कागद स्वतः आणून दिला नाही. बाकावरच पालथा ठेवला.

फेदेलिनाने तो उचलून वाचला. 'मी क्रिसोलोगो तुपास. सकाळी सहाला मी माझ्या खिडकीत उभा होतो. शेजारची इस्यांग बांबूच्या आकडीने माझ्या फांदीवरची फळं ओढून पाडत होती. तिची नात खाली पोतं धरून उभी होती. मी आलो आणि माझी फळं घेऊन गेलो. आठ दिवसांनी त्याच नातीने मला पत्र पाठवलं, की मी चोर आहे.'

फेदेलिनाने 'ओढून पाडत' या शब्दांखाली बोट ठेवलं.

"फळं पडली नव्हती," ती म्हणाली.

"नाही, मॅडम. पाडली होती."

"हे पहिल्या पत्रात का नव्हतं?"

जोनालिनने वर पाहिलं. त्यात उद्धटपणा नव्हता. विचारलं म्हणून तिने सांगितलं.

"तुम्ही विचारलं नव्हतं."

फेदेलिना बाकावर बसली. एकतीस वर्षं तिने वकिलांच्या उलटतपासण्या उतरवून घेतल्या होत्या. सगळं कलम 'नैसर्गिकपणे' या एका शब्दावर उभं होतं, आणि तासभर त्याच शब्दावर तिने पोरांना घोळवलं होतं. वटवाघूळ विचारलं, वादळ विचारलं. पण खरं पत्र हातात आलं तेव्हा अक्षर बघितलं, रचना बघितली, आणि ही फळं पडली कशी, एवढं विचारलं नाही. वाक्य छोटं करण्यात खर्ची पडलेलं लाल पेन तिथे लागायला हवं होतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "नाही विचारलं. चूक माझी. जोना, तू हे लिहिलंस, तुझे उपकार आहेत माझ्यावर."

मुलीला ओरडा बसेल असं वाटलं होतं. ती गोंधळून उभी राहिली.

"मग आपण हरलो, मॅडम?" रेमारने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"ते बुधवारी कळेल. पण आता घडलं काय ते आपल्याला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तेही नव्हतं."

जोनालिनच्या आजीला, लोला इस्यांगला, तो कागद आधी वाचून दाखवायचा असं ठरलं. ती नको म्हणाली असती तर कागद तिथेच फाडायचा. फेदेलिना स्वतः मुलीबरोबर गेली. म्हातारीने सगळं ऐकलं, सुपारी चघळली आणि म्हणाली, "घरात साप पोसला." मग थोड्या वेळाने म्हणाली, "आकडी लांब होती. मी काय करू." आणि मग, "बुधवारी कोणता झगा घालू? फुलांचा का निळा?"

*

बुधवारी पुढच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला क्रिसोलोगो बसला, इस्त्रीच्या शर्टात. समोर फेदेलिना. बाजूला फुलांच्या झग्यात लोला इस्यांग आणि शाळेच्या गणवेशात जोनालिन. कॅप्टन मध्ये, सेक्रेटरी टाइपरायटरशी. बाकीची पोरं खिडकीला लटकली होती. कॅप्टनने दोनदा हाकललं, ती दोनदा परत आली.

"बोला, मानोंग," कॅप्टन म्हणाला.

क्रिसोलोगो उभा राहिला. "मी अठ्ठावीस वर्षं बाहेर काढली," तो म्हणाला. "माझ्या बापाने ते झाड... ही पोरगी, हिला मी एवढीशी असताना..." त्याने दोन बोटं नसलेला हात टेबलावर आपटला. "मी चोर आहे का?"

पुढे त्याला काही सुचेना. तो उभाच राहिला. सेक्रेटरीने त्याची तीन अर्धी वाक्यं टाइप केली आणि थांबली. फेदेलिनाने हे दृश्य कोर्टात शेकडो वेळा पाहिलं होतं. फरक एवढाच होता, की आज तिला बोलायची मुभा होती.

"कॅप, मी आधी माझं सांगते. मी वकील नाही. तीनदा नापास झाले. लोक मला ॲटर्नी म्हणतात ते मी चालवून घेतलं, ते चुकलं. पत्र मी तपासलं आणि त्यातलं खरंखोटं विचारलं नाही, तेही चुकलं. आता मानोंग क्रिस यांची बाजू या मुलीने लिहिली आहे. त्यांची हरकत नसेल तर ती वाचेल."

"माझी बाजू? हिने?" क्रिसोलोगो म्हणाला. "आता हे काय नवीन नाटक?"

"ऐकून घ्या. पटली नाही तर सांगा."

जोनालिनने वाचलं. एक अक्षर सुटलं नाही. खिडकीत सहाला उभा असलेला माणूस, आकडी, पोतं. शेवटी तिने वाचलं, 'कायदा मला ठाऊक नव्हता. कायदा माझ्या बाजूने होता हेही मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळलं, की माझ्या बापाच्या झाडाखाली मला कोणीतरी चोर म्हणत आहे.'

क्रिसोलोगो हळूहळू खाली बसला. त्याने कागद मागून घेतला, चष्मा लावला, स्वतः पुन्हा वाचला.

"सहा नव्हते," तो म्हणाला. "पावणेसहा."

"दुरुस्त कर," फेदेलिना जोनालिनला म्हणाली. तिने दुरुस्त केलं.

"बाकी?"

"बाकी बरोबर आहे." तो लोला इस्यांगकडे वळला. "फळं हवी होती तर मागायची होतीस. मी कधी नाही म्हणालोय?"

"तू कधी फाटक उघडतोस?" लोला इस्यांग म्हणाली. "बायको गेल्यापासून तुझं तोंड कोणी पाहिलंय? हाक मारून मारून माझा घसा बसला."

त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

कॅप्टनने तडजोड लिहायला घेतली. पत्र मागे घेतलं, माफी मागितली. फेदेलिना ताबुगा ॲटर्नी हा शब्द लावणार नाही, कोणी लावला तर दुरुस्त करील, आणि वर्गाच्या दारावर 'येथे वकील नाही' असा फलक लागेल.

"आणि वर्ग?" कॅप्टनने विचारलं.

क्रिसोलोगोने फेदेलिनाकडे पाहिलं, खिडकीतल्या डोक्यांकडे पाहिलं. "चालू दे," तो म्हणाला. पण ते तोंडातल्या तोंडात. सही केली ती डाव्या हाताने, आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

बारांगायची तडजोड सही झाली की लगेच पक्की होत नाही. दहा दिवसांत कोणीही येऊन सांगू शकतं, की माझ्यावर दबाव होता, मला हे मान्य नाही. फेदेलिनाने ते दहा दिवस बोटांवर मोजले. मधल्या शनिवारी वर्गाला सहाच पोरं आली. बाकीच्यांच्या घरच्यांनी थांबवलं होतं, आधी निकाल कळू दे म्हणून. गुरुवारी पाववाला म्हणाला, "क्रिसोलोगोचा मेहुणा आलाय शहरातून. त्याचे कान भरतोय, लेकरांपुढे तुला रडवून सही घेतली म्हणून. बरं, पानदेसाल किती, ॲटर्नी?"

"ॲटर्नी नाही. सहा द्या."

"सहा, मानांग," पाववाला म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दहावा दिवस शनिवार होता. नऊच्या सुमाराला क्रिसोलोगो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात तपकिरी पाकीट. पुढच्या खोलीतून सेक्रेटरी शिक्का घेऊन त्याच्या मागे आली, कारण नकार नोंदवायचा तर तिलाच नोंदवावा लागणार होता. अकरा पोरं होती. सगळ्यांची पेनं थांबली. जोनालिनने डोळे मिटून घेतले.

त्याने पाकीट फेदेलिनाच्या पुढे ठेवलं.

आत पिवळा कागद होता. दोन्ही बाजू भरलेल्या, खोडाखोड, बाण, समासात उभं लिहिलेलं. पहिल्या ओळीत एका जहाजाचं नाव होतं आणि एक तारीख.

"बोटं कशी गेली ते आहे," क्रिसोलोगो म्हणाला. "मुलगा विचारतो आणि मी दरवेळी वेगळं सांगतो. त्याला वाटतं मी काहीतरी लपवतोय. मी नाही लपवत, मला ते लागतच नाही एका ओळीत. खटला नाही करायचा. कंपनीही बुडाली. नुसतं लागलं पाहिजे."

"मी लिहून देणार नाही, मानोंग."

"लिहून द्या म्हणालोय का मी? त्या पोरीला चार वेळा लिहायला लावलंत म्हणे. मलाही लावा."

फेदेलिनाने कागद वाचला. वाचताना तिला जरा थांबावं लागलं. पंच्याहत्तरला थोडे कमी पडले नसते तर ती शहरात कुठेतरी ऑफिस थाटून बसली असती, आणि हा कागद तिच्यासमोर आला नसता. त्या थोड्या मार्कांचा राग तिने पस्तीस वर्षं जपून ठेवला होता. तो आता शोधून सापडेना.

"उपकार झाले, मानोंग," ती म्हणाली.

"कसले?"

"बसा. पहिल्या ओळीत तुम्ही कप्तानाला शिव्या घातल्यात. तो त्या वेळी इंजिनखोलीत होता?"

"नव्हता. वर होता."

"मग तो पहिल्या ओळीत कशाला आला? तुम्ही कुठे उभे होता तिथून सुरू करा."

रेमार सरकला. म्हातारा पोरांच्या बाकावर बसला तेव्हा गुडघे टेबलाला लागले, म्हणून तिरका बसला. जोनालिनने त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि दुसरा, टोक काढलेल्या पेन्सिलीसह, बाजूला ठेवला, कारण एकाने भागणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. तो डाव्या हातात पेन्सिल धरून लिहीत होता, सावकाश, प्रत्येक अक्षर जागेवर बसवत. साडेअकराला पहिला कागद परत मिळाला. बाराला दुसरा.

कचेरी बाराला बंद व्हायची. सेक्रेटरी शिक्का घेऊन दारात आली.

"मानोंग, आज शेवटचा दिवस आहे. नकार नोंदवायचाय का? मला कुलूप लावायचंय."

"कसला नकार?" क्रिसोलोगोने मान वर केली नाही. "थांब जरा. अजून अर्धं पान आहे माझं."

सेक्रेटरीने शिक्का टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसली आणि वाट पाहू लागली. त्या दिवशी कचेरीला एक वाजता कुलूप लागलं.